मुऱ्हाळ्याचा पाट

असोदा,
९ फेब्रुवारी २०२५

अक्का,

अकरा वर्षांनी तुला पत्र लिहितोय. सुरुवात कशी करावी यातच अर्धा तास गेला. कुंदा मागून म्हणाली, "लिहा की, अक्का, मी चुकलो." मी म्हटलं, चुकलो की नाही ते पुढे बघू, आधी तारीख तर टाकू दे.

परवा तुझ्या सुनेचा, मोहिनीचा, फोन आला. नंबर अनोळखी म्हणून मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तर "मामा, मी दोंडाईच्याहून मोहिनी." मी आधी खुर्चीत बसून घेतलं. आपल्या वयाला दोंडाईच्याहून फोन म्हटला की बसूनच ऐकलेला बरा. पण ती म्हणाली, सासूबाई हिंडत्या-फिरत्या आहेत, थोडं विसरायला होतं इतकंच. मग म्हणाली, "दर आखाजीला त्यांच्या तोंडी तुमचं नाव असतं, मामा. या वर्षी तरी या."

खरं सांगू? मला वाटलं होतं, तू माझं नाव टाकलंस. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्यावर बसून होतो. कुंदाने दोनदा चहा गरम केला.

तर ऐक. या आखाजीला, तीस एप्रिलच्या अक्षय्य तृतीयेला, तुला न्यायला मी येतोय. गाडी पाठवणार नाही, ड्रायव्हर पाठवणार नाही, मी स्वतः मुऱ्हाळी म्हणून तुझ्या दारात उभा राहणार. मुऱ्हाळी शहात्तरचा आणि माहेरवाशीण ब्याऐंशीची, लोक हसतील तर हसू देत. माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय लेक पिशवी भरत नाही, ही आपली रीत मला कोणी शिकवायला नको. २०१४ साली माझे गुडघे दुखत होते म्हणून मी गाडी पाठवली होती, चांगली थंडगार एसी गाडी. तू ती दारातून रिकामी परत पाठवलीस. तो विषय पुन्हा काढायचा नाही असं ठरवलंय, म्हणून आत्ताच काढून मोकळा झालो.

प्रवासाची काळजी तू करू नकोस. एकतीस वर्षं मी एसटीच्या कंट्रोलर केबिनमध्ये बसलो, आधी धुळ्याला, मग जळगावला. अख्ख्या जिल्ह्याच्या लेकी सासर-माहेर केल्या त्या माझ्या भोंग्यावर. तुझी एकटीची फेरी मला जमणार नाही का? सकाळी साडेसहाला जळगाव सोडायचं. एरंडोल, पारोळा, धुळे. धुळ्याला अर्धा तास विश्रांती. मग सोनगीरवरून दोंडाईचा, बाराच्या आत. जाताना ऊन पाठीमागे. तुझ्याकडे जेवून चारनंतर निघालो तर येतानाही ऊन पाठीमागेच. डोळ्यांवर कुठेच येत नाही. असं वेळापत्रक तुला दुसरा कोणी करून देणार नाही.

आणि पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे. ज्या वयात बसवत नाही त्या वयात फुकट, म्हणजे सरकारही आपल्या कुंदासारखंच हिशोबी.

मोहिनीला दोन ओळी लिहायला सांग. कोणत्या गुडघ्याला जास्त त्रास आहे, डावा की उजवा, एवढं कळव. त्यावर सीट ठरेल.

तुझा भाऊ,
लीलाधर


असोदा,
४ मार्च २०२५

अक्का,

तुझं उत्तर नाही. मोहिनीला फोन केला तर म्हणते, "पत्र वाचून दाखवलं, मामा. ऐकून हसल्या." कुठे हसलीस? सरकारच्या विनोदाला की माझ्या वेळापत्रकाला? हसलीस हे बरं झालं, पण गुडघा कोणता ते राहिलंच.

मी काल जळगावच्या स्टँडवर जाऊन आलो. नुसतं बघायला. केबिनमध्ये नवीन पोरगी बसते, भूमिका नावाची. आवाज चांगला आहे, पण फार घाई करते. मी तिला सांगितलं, गावाचं नाव दोनदा घ्यायचं आणि मध्ये श्वास घ्यायचा. म्हाताऱ्या माणसाला पहिल्यांदा ऐकू येतं, दुसऱ्यांदा समजतं. तिने मला बाबा म्हटलं आणि पाणी दिलं.

तर मुद्दा असा. एसटीची पहिली पायरी फार उंच. मी माझ्या पायाने मोजली, गुडघ्याच्या जरा खाली येते. एवढी वर्षं गाड्या सोडल्या पण ही पायरी मी कधी पाहिली नव्हती, कारण मला चढायचं नव्हतं. मी दहा मिनिटं तिथे उभा होतो. एकेक म्हातारी येते, दांडा धरते, मागून कोणीतरी ढकलतं. माझ्या बहिणीला मी असं ढकलून चढवणार नाही.

म्हणून अभिमन मिस्तरीकडे एक पाट करायला टाकला आहे. वीतभर उंच, सागाचा, खाली चार ठोकळे, बाजूला दोरी. तू पाटावर पाय ठेवायचा, मग पायरीवर. तू वर चढलीस की मी दोरी ओढून पाट वर घेणार. कुंदा म्हणते, "आणि तुम्ही कसे चढणार?" या बाईला नेमकं तेच सुचतं.

तुला आठवतं का, १९६१ ची आखाजी? लग्नानंतरची तुझी पहिली. आबांना केळीचं पाणी सोडून निघता येईना, म्हणून मला पाठवलं. बारा वर्षांचा मुऱ्हाळी! तुझ्या सासऱ्यांनी मला मोठ्या माणसासारखं पाटावर बसवून जेवू घातलं आणि मी चार पुरणपोळ्यांनी आडवा झालो. परत येताना धुळ्याच्या स्टँडवर मी गारुड्याचा खेळ बघत हरवलो. तू डोक्यावर बोचकं घेऊन सगळा स्टँड पालथा घातलास. सापडलो तेव्हा मारलं नाहीस. तुझ्या पदराचं टोक माझ्या मनगटाला बांधलंस आणि जळगाव येईपर्यंत सोडलं नाहीस. घरी आल्यावर आबांनी विचारलं, "नीट आणली ना रे बहिणीला?" मी म्हटलं, हो. तू हसून पदर सोडत होतीस. तेव्हाही मुऱ्हाळी नावालाच मी होतो, सांभाळून आणलं तू.

या वेळी मी आणीन.

लीलाधर


असोदा,
२७ मार्च २०२५

अक्का,

पुन्हा उत्तर नाही. मोहिनी म्हणते, पत्रं उशाखाली ठेवलीत. उशाखाली ठेवायला मी काय अंगारा पाठवतोय? एक ओळ लिहायला काय होतं? तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. आबा सांगायचे, मथीचं बघ आणि गिरव.

रागावलो नाही. वेळापत्रक बदललं आहे एवढंच सांगतो.

डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. अकरा ते चार उन्हात निघायचं नाही. तासाच्या वर एका जागी बसायचं नाही. पाणी भरपूर प्यायचं. मी विचारलं, पाणी भरपूर प्यालो तर उतरायचं कुठे? ते म्हणाले, तुम्ही एसटीवाले, तुम्हालाच माहीत. मला माहीत आहे ना, म्हणूनच विचारतोय! जळगाव ते दोंडाईचा, बाईमाणसाला, त्यातून तुझ्या वयाच्या, नीट बसता येईल अशी जागा मी मनातल्या मनात शोधत गेलो आणि मला आमच्याच खात्याची लाज वाटली.

म्हणून रेल्वे. जन्मभर मी रेल्वेला नावं ठेवली, पण डब्यात संडास असतो आणि उठून दोन पावलं चालता येतं. अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा आणि मग तुझं स्टेशन. आमची नात ऋतिका, चंदनची मुलगी, इथे जळगावला कॉलेजात आहे. ती मोबाइलवर तिकिटं काढते. जाताना एक, येताना दोन, दोन्ही खालच्या जागा. २६ एप्रिल, शनिवार. आखाजी तीसला, म्हणजे चार दिवस आधी तू घरी. ओट्यावर झोका बांधून ठेवतो. बसू नकोस, नुसता बघ.

एक पिशवी तयार केली आहे. गोळ्या, ग्लुकोज, ओला पंचा, थर्मास, मानेखाली घ्यायची उशी. आणि दोन चिठ्ठ्या. एक माझ्या खिशात, एक तुझ्या बटव्यात. नाव, गाव, रक्तगट, काही झालं तर कोणाला कळवायचं. तुझ्या चिठ्ठीत मी लिहिलंय, "कळवणे: भाऊ लीलाधर, असोदा." तुझा रक्तगट माहीत नाही, ती जागा मोकळी सोडली आहे.

त्या वर्षी चुडामण तुझ्या दारात काही बोलला होता का? गाडी घेऊन आला होता तो. इतक्या वर्षांत मी त्याला विचारलं नाही. विचारायची भीती वाटते, म्हणून तुलाच विचारतो.

लीलाधर


असोदा,
१८ एप्रिल २०२५

अक्का,

रेल्वे रद्द. सांगतो का ते.

परवा मी रंगीत तालीम करायला जळगाव स्टेशनवर गेलो. म्हटलं, जिना चढून बघू, पाट काखेत घेऊन. अर्ध्यावर गेलो आणि डोळ्यांसमोर सगळं पांढरं झालं. पडलो नाही, बसलो. लोक बाजूने चढत होते, उतरत होते. एका हमालाने हाताला धरून खाली आणलं आणि विचारलं, "बाबा, कुणाला सोडायला आला का?" मी म्हटलं, नाही, आणायला. तो म्हणाला, मग घरी जा आणि कोणीतरी जवान माणूस पाठवा.

घरी कुंदाने विचारलं तर मी सांगितलं, लिफ्ट बंद होती. तुला खरं सांगतो. आणि आता खरं सांगायला बसलोच आहे तर सगळंच सांगून टाकतो.

अक्का, २०१४ साली माझे गुडघे दुखत नव्हते. मी पासष्टचा होतो, सायकलवरून जळगावला जात होतो. ऊन होतं, एवढंच. पंचेचाळीसच्या वर गेलं होतं. मी कूलरसमोर बसलो होतो. माय सारखी म्हणत होती, मथीला आण, मथीला आण. मी म्हणालो, "एवढ्या उन्हात त्या म्हातारीला आणायला कोण मरतंय! गाडी पाठवून द्या, आरामात येईल." चुडामण चावी घ्यायला दारात उभा होता. त्याने ऐकलं. मागच्या आठवड्यात मी त्याला विचारलं, तू तिथे काय सांगितलंस? तो म्हणाला, "अक्कांनी विचारलं, लीलू का नाही आला? मला खोटं बोलता येईना, भाऊ."

मी तुला एसी पाठवला होता. मला खरंच वाटलं, तुझी सोय केली.

माय ओट्यावर बसली होती. गाडी आली, मी दार उघडलं, आत कोणी नाही. माय म्हणाली, "मथी कोठी हाये रे?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी येईल. ती आषाढात गेली. तू आलीस, मायच्या पायाशी बसून रडलीस आणि माझ्या घरचा पाण्याचा घोटही न घेता निघून गेलीस. कुंदाने तांब्या पुढे केला होता. तू तो हाताने बाजूला सारलास. तेव्हा मी म्हटलं, एवढा माज! आणि मीही फोन केला नाही. एक वर्ष, दोन वर्षं. मग लाज वाटून केला नाही. मग लाज वाटते हेही विसरलो.

आता गाडीनेच येतो. तीच, चुडामणचीच. तो ताशी चाळीसच्या वर जात नाही, म्हणून मला तोच पाहिजे. पण एकोणतीसपर्यंत त्याची गाडी लग्नांना लागली आहे. दुसऱ्या कोणाच्या गाडीत मी बसत नाही आणि तुलाही बसवणार नाही. हल्लीची पोरं हायवेला काय चालवतात, मी पाहिलंय. तीसला पहाटे निघतो.

कुंदा म्हणते, "आखाजीला लेक पोचलेली असते, निघायची नसते." तिला म्हटलं, अकरा वर्षं गेली, चार दिवसांनी काय होतंय?

तू वाट बघतेस ना?

लीलू


असोदा,
२९ एप्रिल २०२५

अक्का,

हे पत्र दोंडाईच्याला पोचेल तेव्हा मी तुझ्याकडून परतही आलेलो असेन, आणि तू इथे असशील. तरी लिहितो. झोप येत नाही.

पाट तयार आहे. अभिमनने कडा घासून गोल केल्या आहेत, पायाला लागणार नाहीत. मागच्या सीटवर गादी टाकली. काचेला पडदे लावले. चुडामणने गाडी धुतली आणि मला म्हणाला, "भाऊ, या वेळी अक्कांच्या पाया पडतो आधी." कुंदाने तुझ्यासाठी पांढरं पातळ आणून ठेवलंय, बारीक निळ्या काठाचं. तिने कांद्याची भजी सोडून सगळा स्वयंपाक ठरवलाय. भजी तू आल्यावर तळणार, गरम.

उद्या भेटू.

लीलू


असोदा,
४ मे २०२५

अक्का,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तरी तुला लिहिल्याशिवाय मला दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. कुंदाला मी एवढंच सांगितलं की तुला प्रवास झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले. तिने पातळ घडी घालून ठेवून दिलं.

प्रवास छान झाला. तुला ते आधी सांगायला पाहिजे. साडेपाचला निघालो, तीन ठिकाणी उतरलो, सोनगीरला किल्ल्याखाली चहा घेतला, एकदाही चक्कर आली नाही. पावणेअकराला तुझ्या दारात. अकराच्या आत! मी घड्याळ बघून खूश झालो.

दारात पितरांची घागर मांडलेली होती. नवी मातीची, वर डांगर, आंबे, दोन सांजोऱ्या. उंबऱ्यावर कुंकवाची बोटं उमटवलेली, एकेका पितराच्या नावाचं एकेक. तू आत भिंतीला टेकून बसली होतीस. केवढीशी झालीस गं! मी पाट खाली ठेवला, वाकून पायाला हात लावला आणि म्हटलं, "अक्का, मी तुले न्याले आलो."

तू माझ्याकडे नीट पाहिलंस. भीती नाही, राग नाही. म्हणालीस, "कोन शे रे भाऊ?"

मी म्हटलं, मी लीलाधर. असोद्याचा. लीलू.

तू मोहिनीकडे बघितलंस, थोडीशी कंटाळल्यासारखी. मग मला समजावून सांगितलंस, लहान मुलाला सांगावं तसं. "मना भाऊ येत व्हता ना मुऱ्हाळी. आते तो नही ऱ्हायना. तो जित्ता ऱ्हाता ते उना नसता का?"

जिवंत असता तर आला नसता का. अक्का, तुझं बरोबर होतं. मी शोधूनही त्यात चूक सापडली नाही.

मोहिनी मला ओट्यावर घेऊन गेली. पदर तोंडाला लावून रडत होती. मी तिच्यावर ओरडलो. मला आधी का सांगितलं नाहीस? थोडं विसरायला होतं म्हणालीस, हे थोडं आहे? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का, मामा?"

मग तिने सगळं सांगितलं. पहिली तीन वर्षं तू आखाजीच्या आधी पिशवी भरून ओट्यावर बसायचीस. हेमराज म्हणायचा, आई, मी सोडतो तुला गाडीवर. तू म्हणायचीस, पोराने सोडलेली लेक माहेरी जात नसते. चौथ्या वर्षी तू पिशवी भरली नाहीस. घागर भरलीस, उंबऱ्यावर तुझ्या नवऱ्याच्या नावाचं बोट उमटवलंस आणि त्याच्या शेजारी आणखी एक. मोहिनीने विचारलं, हे कोणाचं? म्हणालीस, लीलूचं.

"तेव्हा त्यांना सगळं आठवत होतं, मामा," मोहिनी म्हणाली. "विसरणं नंतर आलं."

म्हणजे तू मला आधी मारलंस आणि मारलं हे नंतर विसरलीस. दर आखाजीला तुझ्या तोंडी माझं नाव असतं, ते असं. त्या पोरीने खोटं काहीच सांगितलं नव्हतं.

माझी पत्रं तिने दूरच्या नातेवाइकाची म्हणून वाचून दाखवली. भावाची म्हटलं तर तू रडायचीस, म्हणायचीस, मेलेल्या माणसाची थट्टा करू नये.

मी पुन्हा आत आलो. एकदा शेवटचं बघावं म्हणून तुला धुळ्याच्या स्टँडची गोष्ट सांगितली. गारुडी, बोचकं, मनगटाला बांधलेलं पदराचं टोक. अक्का, तुझा चेहरा काय उजळला! मला वाटलं, झालं, सापडलो. पुन्हा एकदा सापडलो. तू पुढे सरकलीस आणि माझा हात धरून म्हणालीस, "तो मना लीलू! तू त्याले वळखे का?"

तू त्याला ओळखायचास का.

मी म्हटलं, हो. ओळखायचो. चांगला ओळखायचो.

"कसा व्हता तो मोठा व्हईसन?"

मी म्हटलं, एसटीत होता. लोकांना वेळेवर पोचवायचा. उन्हाला फार भ्यायचा. तू मान हलवत ऐकत होतीस. मग तुला एकदम स्वयंपाकाची आठवण झाली. दर वर्षी शेजारचे तोताराम तुझ्याकडे पितर म्हणून जेवायला बसतात, ते या वर्षी लग्नाला गेलेले. पान वाढून ठेवलेलं आणि माणूस नाही. तू म्हणालीस, "बठ्ठा सयपाक व्हयेल शे. तू त्याले वळखत व्हता ना? मंग तूच बस."

मोहिनी म्हणाली, "नाही, सासूबाई, हे नको." तिला रडू आवरेना. मी तिला हाताने थांबवलं.

मला खाली मांडी घालता येत नाही. तू इकडेतिकडे बघितलंस आणि दाराशी ठेवलेला तो पाट ओढून आणलास. दोरी धरून, मी ठरवलं होतं तसाच. तुझ्या चढण्यासाठी केलेला पाट, त्यावर तू मला बसवलंस. कपाळाला गंध लावलंस. चुलीत आगारी, पितरांच्या नावाचा घास, टाकलीस आणि माझं नाव घेतलंस, पूर्ण नाव, आबांच्या नावासकट. मग पान पुढे केलंस. पुरणपोळी, आमरस, कुरडई, भजी. मी म्हटलं, मला एवढं जाणार नाही. तू म्हणालीस, "जेव, भाऊ. तू जेवना म्हंजे त्याले पोचनं."

मी जेवलो. अक्का, मी सगळं जेवलो. पानात काही टाकलं नाही. तू समोर बसून बघत होतीस, मधूनच पंख्याने वारा घालत होतीस. शेवटी घागरीतलं पाणी तांब्यात घेऊन मला दिलंस. माझ्या नावाने भरलेल्या घागरीतलं. तू माझ्या घरचं प्यायली नव्हतीस. मी तुझ्या घरचा तांब्या रिकामा केला.

निघताना पुन्हा एकदा विचारलं, येतेस का माझ्याबरोबर असोद्याला? तू तोंडाला पदर लावून हसलीस. परक्या माणसाबरोबर या वयात कुठे जाऊ, म्हणालीस.

चारनंतर निघालो. ऊन पाठीमागे होतं. मागच्या सीटवरच्या गादीला सुरकुतीही पडली नाही. पारोळ्याला चुडामणने आरशातून मागे पाहिलं. मग म्हणाला, "भाऊ, गादी काढू का?" मी म्हटलं, राहू दे. तुझी चिठ्ठी माझ्या खिशातच राहिली. काही झालं तर कोणाला कळवायचं, त्यापुढे माझं नाव. मी ती फाडली नाही. कुठे ठेवायची तेही सुचत नाही.

पाट तुझ्याकडेच सोडून आलो. पुढच्या वर्षी तोतारामांना उपयोगी पडेल.

लीलू


असोदा,
६ मे २०२५

श्रीमती मथुराबाईंना नमस्कार.

मी आखाजीच्या दिवशी तुमच्याकडे जेवून गेलो तो माणूस. तुमच्या सूनबाई हे पत्र वाचून दाखवतील. घरी सुखरूप पोचलो. वाटेत त्रास झाला नाही. निघताना तुम्ही कळवायला सांगितलं होतं, म्हणून लिहितो.

स्वयंपाक फार चांगला झाला होता. आमच्या मायच्या हातची पुरणपोळी अशीच असायची. उन्हात फार वेळ ओट्यावर बसत जाऊ नका. घागरीचं पाणी थंड असतं, पण सकाळी उठल्याबरोबर पिऊ नका, घसा धरतो.

तुमचे भाऊ मला नेहमी तुमच्याबद्दल सांगायचे. बहिणीने मनगटाला पदर बांधून घरी आणलं, हे ते शेवटपर्यंत विसरले नाहीत. त्यांची एक चूक झाली होती, ती त्यांना कळली होती, पण फार उशिरा. ते तुम्हाला न्यायला निघाले होते, बाई. निघायलाच उशीर झाला.

तुम्ही म्हणालात, मी जेवलो म्हणजे त्यांना पोचेल. मी पोचवण्याच्याच खात्यात काम केलं आहे, म्हणून खात्रीने सांगतो. पुरणपोळी पोचली. पाणीही पोचलं.

आपला,
आखाजीचा पाहुणा